अर्धी दशमी

नणंदेची नातसून गेल्या महिन्यात इंदूरहून आली ती हातात जाडजूड फाइल घेऊन. लग्नाला नऊ वर्षं झाली, अजून मूल नाही. आता डॉक्टर म्हणतात, मूल तुम्हा दोघांचंच, पण वाढेल दुसऱ्या बाईच्या पोटात. रीतसर कागद होतो म्हणे. माझ्यापुढे फाइल उघडून बसली. "आजी, बघा तरी, काय काय होणार ते सगळं लिहून दिलंय." मी चष्मा लावून पानं उलटली. तपासण्या किती, कोणत्या महिन्यात काय, त्या बाईनं सकाळी काय खायचं, दूध किती प्यायचं, मूल आपल्या हातात कधी येणार. तिथे फाइल संपली.

"आणि मूल घेतल्यावर ती बाई कुठे जेवणार?" मी विचारलं.

पोरगी हसायलाच लागली. "अहो आजी, तिच्या घरी जेवेल ना ती!"

हसू दे. तिला काय माहीत. मी मात्र त्या दिवसापासून नीट जेवलेली नाही, म्हणून हे लिहायला बसले आहे. मी चौऱ्याऐंशी वर्षांची बाई, उज्जैनला नानाखेड्याच्या कॉलनीत मुलाकडे राहते. मुलगा सत्तावन्न वर्षांचा आहे. तो माझ्या पोटचा नाही, हे नात्यागोत्यात सगळ्यांना माहीत आहे. पण ते मूल मी कसं घेतलं, आणि देणारीशी कशी वागले, हे मी कुणाला पूर्ण सांगितलेलं नाही.

आम्ही तेव्हा फ्रीगंजात राहत होतो, भाड्याच्या घरात. माझे यजमान जिल्ह्याच्या सुभासाहेबांच्या कचेरीत कारकून, म्हणजे ग्वाल्हेर सरकारचे नोकर. धाकटे भावजी शाळेत मास्तर. दोघे भाऊ, दोघी जावा, आणि जावेचे दोन मुलगे, एक सहाचा आणि एक चारचा. चूल एकच. सासू-सासरे कधीच गेले होते, त्यामुळे घरात थोरली मी. माझं तोंड फटकळ, हे सांगून टाकते. मनात आलं की तोंडातून बाहेर. जाऊ माझ्याहून पाच वर्षांनी लहान, बोलायला कमी आणि हसायला भारी पुढे. मी तिला कितीही बोलले तरी "बरं अक्का" म्हणून कामाला लागायची. मला वाटायचं, हिला काही लागतच नाही. कसलं काय! सगळं लागत होतं तिला.

माझ्या लग्नाला अकरा वर्षं झाली होती. नवस झाले, उपास झाले, क्षिप्रेवर पहाटेची स्नानं झाली, एका वैद्याचं कडू औषध दोन वर्षं घेतलं. काही नाही. बायका हळदीकुंकवाला बोलवायच्या, पण ओटी भरताना हात जरा आखडायचा. मला कळायचं ते.

देश स्वतंत्र झाला त्या साली अधिक श्रावण होता. अधिकात तेहतीस अनारशांचं वाण देतात, आणि त्या महिन्यात दिलेलं दान फार मोठं, असं आमच्यात मानतात. साखर रेशनवर, म्हणून आम्ही गुळाचे अनारसे घातले होते. मी कढईपुढे, ती थापायला. बाहेर रस्त्यावर पोरं झेंडे घेऊन ओरडत चालली होती. तिला तेव्हा तिसऱ्यांदा दिवस गेले होते, दुसरा महिना. मला अजून कुणी सांगितलं नव्हतं, पण मी काय आंधळी आहे? सकाळी ओकाऱ्या काढताना ऐकलं होतं. दोन आहेत, आता तिसरं, आणि इथे एक नाही! मी अनारसा इतक्या जोरात उलटला की तो तुपात फुटून सगळा विरघळला.

ती थापता थापता थांबली. मग अगदी हळू म्हणाली, "अक्का, या अधिकाचं वाण मी तुम्हालाच देणार आहे."

"मी काय जावई आहे का तुझा?"

"हे जे पोटात आहे ना, ते तुमचं. आमचं दोघांचं बोलणं झालंय. मुलगा होवो की मुलगी, ते तुमचं."

मी झारा खाली ठेवला. हो म्हणाले नाही, नको म्हणाले नाही, तिच्या गळ्यात पडून रडले तेवढं खरं. कढईतलं तूप करपून घरभर धूर झाला. दोघी खोकत होतो, रडत होतो आणि हसत होतो. मोठा पोरगा धावत आला, "काय जळलं?" म्हणून.

त्या क्षणी तिच्या पायावर डोकं ठेवावंसं वाटलं होतं. तेवढंच जर मनात धरून राहिले असते!

पण दुसऱ्याच्या पोटात आपलं मूल असणं ही फार विचित्र गोष्ट आहे हो. हे त्या फाइलीत नाही लिहिलेलं. तुम्ही रोज बघता, पण हात लावता येत नाही. ती झोपली तर वाटतं, फार झोपते, मूल जड होईल. ती उभी राहिली तर वाटतं, बस ना गं जरा. ती विहिरीवर वाकली की मी धावत जाऊन दोर हातातून काढून घ्यायची. तिसऱ्या महिन्यापासून मी तिचं ताट स्वतः वाढायला लागले. दूध, साजूक तूप, मुगाचं वरण. तिला डोहाळे लागले कचोरीचे. आमच्या गल्लीच्या तोंडाशी एक हलवाई सकाळी गरम कचोऱ्या तळायचा, वर हिरव्या मिरचीची चटणी. वास सरळ घरात यायचा. एकदा तिनं मोठ्या पोराला पाठवून एक मागवली आणि मागच्या दारी उभी राहून खात होती. मी पाहिलं. हातातली काढून घेतली आणि गाईपुढे टाकली.

"माझ्या मुलाला झोंबेल ते," मी म्हणाले.

ती म्हणाली, "बरं अक्का."

माझ्या मुलाला! अजून जन्मायला चार महिने होते. ती भुकेली नव्हती, तिला फक्त एक कचोरी हवी होती. पहिल्या दोन्ही वेळी तिनं हवं ते खाल्लं होतं, आणि पोरं चांगली टणटणीत झाली होती.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण केलं. वेणी, फुलांचे दागिने, झोपाळा, सगळं. शेजारणी आल्या. त्यांना माहीत होतं. त्यातली एक हसत म्हणाली, "अहो, झोपाळ्यावर बसवायचं तरी कुणाला? दोघींना बसवा!" सगळ्या हसल्या. जाऊ लगेच बाजूला सरकली, "या ना अक्का," म्हणाली, फळीवर हात थोपटत. मी नाही गेले. इश्श, लोक काय म्हणतील, असं म्हणाले. खरं कारण ते नव्हतं. मला तिच्याशेजारी बसायचं नव्हतं, मला तिच्या जागी बसायचं होतं.

शिवरात्रीच्या चार दिवस आधी बाळंत झाली. दाई म्हातारी माळव्यातली, अर्ध्या उज्जैनची पोरं तिच्या हातची. मुलगा झाला. नाळ कापून, पुसून, फडक्यात गुंडाळून तिनं वर पाहिलं. तिलाही कुणीतरी सांगून ठेवलं होतं. "बाईजी, किसकी गोद में दूँ?"

माझे हात आधीच पुढे झाले होते. जाऊ अजून नीट डोळेसुद्धा उघडू शकत नव्हती. दाईनं एकदा तिच्याकडे पाहिलं, मग मुलगा माझ्या ओंजळीत ठेवला. "थोडी देर माँ की छाती से लगाओ," असं म्हणाली. मी म्हटलं, "मी लावीन." मी काय लावणार, जळ्ळं माझं मेलं! पण मी त्याला घेऊन दुसऱ्या खोलीत गेले. तो रडला तेव्हा परत आणावाच लागला.

गुरुजी म्हणाले होते, दत्तविधानाची एवढी घाई काय, मूल जरा बाळसं धरू दे, सहा महिन्यांनी करू. मी ऐकते कशाची! बाराव्या दिवशी बारसं आणि दत्तविधान एकदमच. भावजींनी मुलाला यजमानांच्या मांडीवर ठेवलं, जावेनं नवऱ्याच्या हाताला हात लावला, आणि पळीभर पाणी सोडलं. दान देताना सोडतात तसंच, उदक सोडलं. झालं, मुलगा माझा झाला. त्या वेळी मी तिच्या तोंडाकडे बघायचं टाळलं.

मुलगा कागदावर माझा झाला, पण भूक लागली की तिचा. दिवसातून आठ-दहा वेळा मी त्याला उचलून तिच्याकडे न्यायची, आणि पाठ करून बसायची. तो चुटुचुटु पिताना आवाज यायचा. तिच्याकडे गेला की लगेच गप्प. माझ्याकडे आला की तोंड वाकडं. लोक म्हणायचे, होईल सवय. मला धीर कुठला! रात्री दोनदोनदा उठून पाळणा चाचपायची, मूल आहे ना, तिनं नेलं नाही ना. आठ हातांवर ती झोपलेली असायची, तिच्या दोन पोरांमध्ये. बिचारी कुठे नेणार होती?

सहावा महिना संपला. दोन दिवसांनी उष्टावण करायचं ठरलं होतं. बाळाला पहिला भाताचा घास देतात ते. माझा भाऊ मामा म्हणून देवासहून येणार होता, चांदीची वाटी घेऊन. मी त्या दुपारी देवळातून घरी आले तर जाऊ जेवायला बसलेली, मांडीवर मुलगा, आणि तिच्या बोटाला वरणभाताचं शीत. तो ते बोट चोखत होता. हसत होता मेला, दोन्ही पाय नाचवत.

तिनं काही मुद्दाम केलं नव्हतं. जेवताना मांडीवरच्या पोरानं ताटात हात घातला की आई काय करते? तेच तिनं केलं. दोन्ही मुलांना तसंच केलं असेल.

माझं डोकं फिरलं. मी ओरडले नाही, तेच वाईट झालं. ओरडले असते तर तिनं "बरं अक्का" म्हणून सोडून दिलं असतं. मी अगदी थंडपणे म्हणाले, "कन्यादान केलं की आईबाप लेकीच्या घरी पाणीसुद्धा पीत नाहीत. तू तर मुलगा दिलास. उदक सोडलंस. आणि दान दिलेल्याच्याच घरी बसून जेवतेस, वर त्याला आपल्या ताटातलं भरवतेस? बरं दिसतं का हे?"

मी जे म्हणाले ते कुठे लिहिलेलं नाही, हे मला तेव्हाही माहीत होतं. कन्यादानाची रीत वेगळी, दत्तकाची वेगळी. मी ती जोडली, रागाच्या भरात, तिला लागावं म्हणून.

तिनं बोट पदराला पुसलं. मुलगा उचलून माझ्या हातात दिला. ताटात अर्धा भात होता, तो तसाच. उठली, आणि हात धुऊन मागच्या खोलीत गेली.

दुसऱ्या दिवशी मागच्या खोलीत तीन विटांची चूल दिसली. भावजी कुंभाराकडून माठ घेऊन आले. दोघे भाऊ गोंधळले. यजमानांनी मला विचारलं, "काय झालं तुम्हा दोघींचं?" मी म्हणाले, "विचारा तिलाच." तिनं सांगितलं, "अक्कांवर कामाचा भार पडतो." एवढंच. मी काय बोलले ते सांगितलं नाही. माझी तेव्हा खात्री होती की आठ दिवसांत येईल. आठ दिवस झाले, महिना झाला. मुलाला पाजायला यायची, अंगाला तेल लावायची, माझे पापड लाटून द्यायची, दिवाळीला माझ्या चकल्या तळून द्यायची. पण माझ्या घरचं शीत तिच्या तोंडात गेलं नाही. उन्हातून आली तरी माझ्या माठातलं पाणी पीत नसे, आठ पावलं चालून स्वतःच्या माठाशी जायची.

मी बोलवायला हवं होतं. किती सोपं होतं, "अगं चुकले मी, बस पाटावर." रोज सकाळी म्हणायचं ठरवायची, आणि रोज वाटायचं, आज नको. आणि खरं सांगू? खरं सांगायलाच बसले आहे तर सांगते. मला ते बरं वाटत होतं. तिचा तो माठ बघितला की मला वाटायचं, हो, मुलगा माझाच आहे, बघा, ती पाणीसुद्धा पीत नाही. मग मी पाळणा चाचपायचं सोडून दिलं. मुलगा तिला काकू म्हणायला लागला, मला आई. मी निवांत झोपायला लागले.

ग्वाल्हेर राज्य जाऊन मध्यभारत झाला. राजेसाहेबांनी सही करून राज्य दिलं, पण त्यांना तनखा मिळाला, मान राहिला. आमच्याकडे यजमान रोज पेपर मोठ्यानं वाचून दाखवायचे. मला तेव्हा सुचलं नाही, आता सुचतं. राज्य देणाऱ्याचंसुद्धा ताट कुणी उचललं नव्हतं. मूल देणारीचं मी उचललं.

आठव्या वर्षी मुलाची मुंज केली. वैशाखात. ऐंशी पानं उठली. मुंजीत मातृभोजन असतं. आई आणि मुलगा एका ताटात जेवतात, ते शेवटचं. मग तो बटू, ब्रह्मचारी, आईच्या ताटात जेवायचं संपलं. यजमान आदल्या दिवशी हळूच म्हणाले होते, "तिलाही बसवू का शेजारी? एक घास." मी म्हटलं, "दोन आया असतात का कुठे मुंजीत? लोक हसतील." त्यांची ही गप्प बसायची सवय, आणि माझी बोलायची.

मी जरीचं नेसून पाटावर बसले. मुलगा शेजारी, नुकतीच हजामत झालेली, डोकं कसं चकचकीत. पहाटेपासून स्वयंपाकघरात राबलेली जाऊ तूप वाढायला आली. ताटात भात होता, तिनं त्यावर तूप सोडलं. पळी हातात तशीच धरून क्षणभर उभी राहिली. मुलगा वर बघून म्हणाला, "काकू, तू पण ये ना, बस."

मी लाडवाचा मोठा घास त्याच्या तोंडात कोंबला. "आधी गीळ," म्हटलं.

ती हसली आणि पुढच्या पंगतीकडे गेली. ऐंशी माणसं जेवली. तिनं त्या दिवशी मागच्या खोलीत स्वतःपुरतं पिठलं टाकून खाल्लं. मला वास आला पिठल्याचा. मी पानसुपारीची तबकं लावत होते.

त्याच वर्षी दिवाळीच्या सुमाराला मध्यभारतही गेला आणि मध्यप्रदेश आला. गंमत बघा, जाऊ एकाच घरात बसून तीन राज्यांत राहिली. पण राजधानी भोपाळ ठरली, आणि कचेऱ्या तिकडे निघाल्या. यजमानांना हुकूम आला. भावजींची शाळा इथेच. म्हणजे ती इथे राहणार, आणि मुलगा माझ्याबरोबर जाणार. सामान बांधायला ती रोज यायची. मुलाचे सगळे कपडे तिनंच घड्या घालून ट्रंकेत लावले. एकेक सदरा मांडीवर घेऊन, हातानं सुरकुत्या काढत काढत.

निघायच्या दिवशी दुपारी स्वयंपाकघर रिकामं झालं होतं. भांडी पोत्यात, पोती टांग्यावर. चूल विझलेली, माठ उपडा करून भिंतीला टेकवलेला. यजमान आणि भावजी बाहेर सामान चढवत होते. मी त्या मोकळ्या जमिनीवर बसले होते. जाऊ आली. हातात फडक्यात बांधलेल्या दशम्या. दुधात भिजवून केलेल्या, प्रवासात चार दिवस टिकतात. बरोबर गुळाचा खडा. "त्याला आवडतात," म्हणाली. "भोपाळला चूल लागेपर्यंत होतील."

मग मला रडू फुटलं. सगळं एकदम आलं. मी म्हटलं, "अगं, मी त्या दिवशी बोलले ते खोटं होतं. असली काही रीत नाही. मी मनानंच बोलले. आठ वर्षं तू माझ्यामुळे..."

"ठाऊक आहे मला," ती म्हणाली.

"काय ठाऊक आहे?"

"मी तिसऱ्याच दिवशी गुरुजींना विचारलं होतं. ते म्हणाले, असं काही नसतं, एकाच घरातलं, एकाच गोत्रातलं, खुशाल जेवा."

"मग? मग का नाही जेवलीस बाई?"

ती माझ्याजवळ खाली बसली. "तुम्ही रात्री उठून पाळणा चाचपायचात, अक्का. दोनदा, तीनदा. मी जागीच असायची. मला वाटलं, मी तुमच्याकडचं खात नाही असं रोज दिसलं, की तुम्हाला खात्री पटेल, मी माघारी मागणार नाही म्हणून." मग तिनं विचारलं, "लागली ना झोप?"

लागली होती. आठ वर्षं गाढ झोपले होते मी.

तिनं मला मूल दिलं होतं एकदा अधिकात. आणि नंतर रोज, दोन्ही वेळा, पुन्हा देत होती, आणि मला वाटत होतं की मी तिला शिक्षा करते आहे. मी तिचे हात धरले. "आज जेव. आत्ता जेव. माझ्या हातचं काहीतरी खा." ती हसून म्हणाली, "वाढा की मग."

काय वाढणार? मी उठले, फडताळ उघडलं, रिकामं. डबे गेले. मीठसुद्धा नव्हतं घरात. माठात पाणी नव्हतं. बाईच्या घरात कधी असं झालेलं मी ऐकलं नाही. शेवटी तिचंच फडकं सोडलं, एक दशमी काढली, वर गूळ ठेवला आणि तिच्या हातात दिली. "माझ्या हातून तरी घे."

"ही तर माझीच!" ती म्हणाली, आणि डोळ्यांत पाणी असताना हसली. पण तिनं घेतली. मोडली, आणि खायला लागली. माझ्या स्वयंपाकघरात, माझ्यासमोर. एक घास, दुसरा घास. मला वाटलं, देवा, सुटले मी.

तेवढ्यात मुलगा धावत आत आला. "आई, चल, टांगेवाला ओरडतोय. मला भूक लागली!" आणि तिच्या हातात दशमी बघून तिच्या गळ्यात हात टाकला. "काकू, मला?" तिनं हातातली अर्धी दशमी, तिनं चावलेली, तशीच त्याच्यापुढे केली. त्यानं तोंड उघडलं.

"खबरदार!" मी म्हणाले. "मुंज झालीय ना तुझी? उष्टं खातोस?"

निघून गेलं तोंडातून. कसं गेलं, का गेलं, आजपर्यंत मला कळलेलं नाही. त्यानं तोंड मिटलं. तिनं हात मागे घेतला. मी म्हणणारच होते की घे, घे रे, राहू दे, खा. पण बाहेरून यजमानांनी हाक मारली, आणि ती उठलीच. "बरोबर आहे अक्कांचं," ती मुलाला म्हणाली, "तुला फडक्यातली देईल आई." आणि ती अर्धी दशमी तिनं पदराच्या टोकाला बांधली.

भोपाळहून मी तिला एक कार्ड टाकलं. उन्हाळ्याच्या सुट्टीत या सगळे, पोटभर वाढीन. एकच कार्ड. उन्हाळ्यात तिच्या धाकट्याला गोवर आला, राहिलं. मी दुसरं कार्ड टाकलं नाही, म्हटलं दिवाळीला येतीलच. पावसाळ्यात तिला विषमज्वर झाला. तार आली ती गेल्याचीच.

मुलाला त्या दिवशी सांगावं लागलं. नऊ वर्षांचा होता. यजमानांनी जवळ घेऊन सांगितलं की काकू ही तुला जन्म देणारी. तो रडला नाही. मग माझ्याकडे वळून म्हणाला, "मग त्या दिवशी मला खाऊ का दिलं नाहीस?"

आयुष्यात पहिल्यांदा मला काही बोलता आलं नाही. त्यानं पुन्हा कधी विचारलं नाही. शहाणा आहे, माझं सगळं करतो, औषधं वेळेवर देतो. गेल्या महिन्यात नातसून फाइल आवरून निघाली तेव्हा तो बाहेरच्या खोलीत बसला होता. मी तिला दारापर्यंत गेले आणि म्हटलं, "त्या बाईला घरी बोलव, आणि जेवायला वाढ. मूल व्हायच्या आधीही, आणि नंतरही." ती हो हो म्हणाली. मुलानं पेपरातून डोकं वर केलं, माझ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा वाचायला लागला.